शाळा अंगणात आली

प्रास्ताविक

जबलपूर शहराच्या गोरखपूर भागात राहणारे एखादे मराठी कुटुंब घ्या किंवा महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळील डहाणू तालुक्यातला एखादा आदिवासी पाडा घ्या. दोन्ही ठिकाणी तीन-चार वर्षांची अनेक मुले सकाळी एकाच नावाच्या ठिकाणी जातात. मराठी माणूस त्या ठिकाणाला ‘अंगणवाडी’ म्हणतो, तर मध्य प्रदेशातील हिंदी भाषक ‘आंगनबाडी’ म्हणतो. शब्दाचे रूप जरासे बदलते. अर्थ मात्र तोच राहतो. हा शब्द इतका परिचयाचा झाला आहे, की तो कोठून आला, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

या शब्दामागे एका स्त्रीचे दीर्घ आयुष्य उभे आहे. त्यांचे नाव ताराबाई मोडक. पदवीधर, प्राचार्य आणि लेखिका असलेल्या ताराबाईंनी उतारवयात शहर सोडले आणि गरिबांच्या दारातील अंगण हाच आपला वर्ग मानला.

तुमच्यापैकी अनेकांची शाळा मध्येच सुटली असेल. कोणाला धाकटी भावंडे सांभाळावी लागली असतील, कोणाला मजुरीवर जावे लागले असेल, तर कोणाला वर्गात शिकवलेले समजलेच नसेल. अशा वेळी दोष बहुधा शिकणाऱ्याला दिला जातो. ताराबाईंनी मात्र हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला. मूल शाळेत का येत नाही, एवढेच विचारून त्या थांबल्या नाहीत. शाळा मुलाकडे का जात नाही, हे त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्यांचे आयुष्य कसे घडत गेले, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• ताराबाई मोडक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगू शकाल;
• कृतीतून शिक्षण म्हणजे काय, हे उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी यांमधील फरक सांगू शकाल;
• शिकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे शाळेने कसे बदलावे, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. सुधारकाच्या घरातील मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे त्यांचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. विधवेने पुन्हा विवाह करणे हे त्या काळी पाप समजले जाई. परंतु सदाशिवरावांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला आणि तिच्याबरोबर समाजाचा रोषही पत्करला. जे पटले ते बोलावे आणि जे बोलले ते करावे, ही शिकवण ताराबाईंना कोणत्याही पुस्तकाआधी घरातच मिळाली.

मुलींनी प्राथमिक शाळेची पायरी चढणेही जेथे कौतुकाचे मानले जात होते, अशा काळात ताराबाई महाविद्यालयापर्यंत पोहोचल्या. १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईत वाढलेली ही पदवीधर तरुणी वऱ्हाडात आली. त्या वेळी अमरावती आणि जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. मध्यप्रांत व वऱ्हाड असे त्या प्रांताचे नाव होते.

हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पती-पत्नी विभक्त झाले. लहान मुलीची जबाबदारी असलेल्या एकट्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आज करता येते. ताराबाईंनी कोणाच्या आश्रयाला न जाता नोकरी पत्करली. राजकोट येथील बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. आयुष्य पुन्हा मार्गाला लागले होते.

२. भावनगरचे वळण

राजकोटला असतानाच ताराबाईंना गिजुभाई बधेका यांच्या कार्याची ओळख झाली. गिजुभाई हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीचे विचार आले आणि त्यांनी वकिली सोडून दिली. भावनगर येथील दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. लहान मुलांवर आईसारखी माया करणाऱ्या या भरघोस मिश्यांच्या माणसाला गुजरातमध्ये लोक ‘मिशाळ आई’ या अर्थाच्या नावाने ओळखत.

माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मुलाला गप्प बसवून शिकवता येत नाही, असे त्यांना निरीक्षणातून आढळले होते. मूल हाताने वस्तू उचलते, लावते, मोडते, पुन्हा लावते. त्याच्या बुद्धीची वाढ याच मार्गाने होते. म्हणून मुलाला हाताळण्याजोगी साधने द्यावीत, काम त्याचे त्याला निवडू द्यावे आणि शिक्षिकेने बाजूला राहून बारकाईने पाहावे, अशी ही पद्धत होती.

आपल्याकडील तेव्हाची शाळा याच्या अगदी उलट होती. पाटी, पाढे आणि छडी ही तिची तीन साधने. सगळ्या वर्गाने एकाच वेळी एकाच सुरात एकच गोष्ट घोकावयाची, आणि जो मागे पडला त्याने मार खावयाचा. ज्याला ऐकून समजते तो तरून जाई. ज्याला पाहून, करून किंवा हाताळून समजते, तो ‘ढ’ ठरे.

ताराबाईंना या दोन शाळांमधील अंतर उमगले. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या सहकारी बनल्या. इतरांना शिकवण्याचा अधिकार असलेल्या या विदुषीने बालमंदिराच्या जमिनीवर बसून, मुलांकडे पाहत, पुन्हा पहिल्यापासून शिकण्यास सुरुवात केली. मोठे पद सोडून छोट्या मुलांच्या शाळेत जाणे हे अनेकांना खाली उतरणे वाटले असेल; ताराबाईंच्या दृष्टीने ते पुढे जाणे होते.

बालमंदिरात मुले गाणी म्हणत, गोष्टी ऐकत आणि त्याच गोष्टींचे नाटक करत. चित्रे काढत, मातीच्या वस्तू घडवत, झाडांना पाणी घालत. एकाच विषयाला अशी अनेक दारे होती. जे मूल एका दारातून आत येत नसे, ते दुसऱ्या दारातून येई. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या प्रयत्नांतून ‘नूतन बालशिक्षण संघ’ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून हे विचार पालक आणि शिक्षक यांच्यापर्यंत पोहोचू लागले. हे मासिक आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघाले. मुलाला मारू नये, भीती घालू नये, लाच देऊ नये, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी पालकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागत होती.

३. एक बोचरा प्रश्न

भावनगरचा अनुभव गाठीशी घेऊन ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ साली दादर येथे त्यांनी ‘शिशुविहार’ सुरू केले. तेथे मराठी मुलांसाठी मातृभाषेतून बालशिक्षणाची सोय झाली आणि नव्या शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. संस्था वाढली, नाव झाले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि बालशिक्षणाच्या चळवळीची बरीचशी धुरा ताराबाईंच्या खांद्यावर आली.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. शिशुविहारात येणारी मुले कोणाची होती? ती बहुतांशी शहरातील मध्यमवर्गीयांची होती. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक लाकडी ठोकळ्यांची आणि रंगीत मण्यांची; ती काटेकोर मापाने घडवावी लागत आणि महाग पडत. ज्या पद्धतीचा जन्म रोममधील गरिबांच्या वस्तीत झाला होता, ती भारतात मात्र सुखवस्तू घरांपुरती उरली होती.

महात्मा गांधींनी हीच अडचण ओळखली होती. १९३१ साली लंडनमध्ये त्यांची माँटेसरीबाईंशी भेट झाली, त्या वेळी भारतातील गरीब खेडुतांच्या मुलांना हे शिक्षण कसे मिळेल, ही चिंता त्यांच्या मनात होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची नई तालीमची कल्पना देशापुढे ठेवली. सात वर्षांच्या पुढील मुलांसाठी ही योजना होती. त्याहून लहान मुलांचे काय, आणि तीही खेड्यातील असतील तर काय, याचे उत्तर कोणीतरी प्रत्यक्ष कामातून शोधावयास हवे होते. ते काम ताराबाईंनी अंगावर घेतले.

४. बोर्डीचे अंगण

मुंबईच्या उत्तरेस अरबी समुद्राच्या काठी, गुजरातच्या सीमेलगत बोर्डी हे गाव आहे. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली नवा जिल्हा झाल्यापासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे आणि लांबच लांब वाळूचा किनारा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांच्या परिश्रमांमुळे शिक्षणाचे वातावरणही तेथे तयार झाले होते. १९४५ च्या डिसेंबर महिन्यात ताराबाईंनी बोर्डीत ‘ग्राम बालशिक्षा केंद्र’ सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

याच कामात त्यांना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. बालपणीच विवाह आणि पाठोपाठ वैधव्य, असा घाव त्यांनी सोसला होता. त्यातून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला आल्या. एकीजवळ विचार आणि अनुभव, दुसरीजवळ कष्टांची तयारी आणि लोकांत मिसळण्याची हातोटी. पुढे दोन तपांहून अधिक काळ या दोघींनी एकत्र काम केले.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठी ती मुख्यतः होती, तीच मुले तिच्याकडे फिरकेनात. दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील आई-बाप सकाळीच कामाला जात. मुले घरी राहत, धाकट्यांना कडेवर घेऊन फिरत. अंगावर धड कपडा नसे. गावातील वरच्या जातींच्या मुलांबरोबर एका ओळीत बसण्याचे धैर्य त्यांना नव्हते आणि त्यांना बसू देण्याची इच्छा सर्वांनाच होती, असेही नाही. शाळा उघडी होती, तिला फी नव्हती. तरीही तिचा उंबरठा या मुलांसाठी फार उंच होता.

अशा वेळी पालकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले येत नाहीत, यात आपल्या शाळेचे काहीतरी चुकते आहे, असे त्यांनी मानले आणि शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यावयाचे, जवळपासची मुले गोळा करावयाची आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावयाचे. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांतून अशा अंगणातील बालवाड्या, अशी रचना उभी राहिली. अंगणात भरणारी बालवाडी ती ‘अंगणवाडी’. नाव साधे होते, पण त्यात मोठा अर्थ होता. अंगण हे मुलाचे स्वतःचे ठिकाण. तेथे मूल परके नसते. तेथे शिक्षिका पाहुणी असते.

अंगणातील पहिला पाठ अक्षरांचा नसे. तोंड धुणे, नखे कापणे, अंघोळ घालणे, केस विंचरणे यांपासून दिवस सुरू होई. स्वच्छतेवर व्याख्यान देण्यापेक्षा स्वच्छ झाल्याचा आनंद मुलाला अनुभवू देणे अधिक परिणामकारक ठरे. आयाही हे पाहत. त्यामुळे मुलाबरोबर घरही नकळत शिकत असे.

मग साधनांचा प्रश्न आला. महागडी साधने खेड्यात आणणार कोठून? उत्तर अवतीभोवतीच पसरलेले होते. समुद्रकिनाऱ्यावर शंख आणि शिंपले होते. ओढ्यात गुळगुळीत गोटे होते. रानात बिया, पाने, फुले आणि पिसे होती. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडताना मुलाला क्रम कळतो. बियांचे ढीग करताना मोजणी कळते आणि दोन ढीग एकत्र केले की बेरीज समजते. पाने एकमेकांशेजारी ठेवली, की लांब, रुंद, गोल, टोकदार हे आकार डोळ्यांना आणि शब्दांना एकदमच भेटतात. ओल्या वाळूत बोट फिरवणारे मूल पुढे लेखणीवर ताबा मिळवते. बोलगाणे म्हणणारे मूल शब्दांची स्पष्ट उच्चारणे शिकते आणि गोष्टीतला वाघ किंवा ससा होऊन नाचणारे मूल चारचौघांत बोलण्याचे धैर्य मिळवते.

ही केवळ काटकसर नव्हती. लाकडी ठोकळा मुलाला शाळेतच भेटतो. शिंपला मात्र शाळा सुटल्यावरही भेटत राहतो. त्यामुळे शिकणे घंटेबरोबर संपत नाही. शिवाय आपल्या रानातली बी आणि आपल्या घरातले गाणे शाळेत मान मिळवते, हे पाहून मुलाला स्वतःच्या घराविषयी वाटणारा संकोच कमी होतो. विविध उपक्रमांचा खरा उपयोग हाच आहे. त्यांनी वर्ग रंगतदार होतो, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे, की प्रत्येक मुलाला कोठे ना कोठे तरी आपल्याला हे जमते, असा अनुभव मिळतो.

५. कोसबाडची टेकडी

बोर्डीपासून काही अंतरावर डहाणू तालुक्यातच कोसबाड नावाची टेकडी आहे. आसपासचे पाडे प्रामुख्याने वारली आदिवासींचे. कुडाच्या भिंतींची घरे, त्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे, पावसाळ्यात भातशेती आणि उरलेले वर्ष जंगल व मजुरी यांवर गुजराण, असे त्यांचे जीवन. जमीनदार आणि सावकार यांनी त्यांची दीर्घकाळ पिळवणूक केली होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवरा-बायकोला सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली, म्हणजे बोर्डीचे केंद्र उघडले त्याच वर्षी, गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता.

गुलामीची साखळी तुटली, तरी निरक्षरतेची साखळी शिल्लक होती. १९५७ साली ताराबाई आणि अनुताई यांनी आपले कार्य कोसबाडला नेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात माणसे विश्रांतीचा विचार करतात, त्या वयात त्यांनी टेकडी चढावयास घेतली.

येथे अडचणी आणखी वेगळ्या होत्या. पाडे दूरदूर विखुरलेले. मुलांची बोली वारली आणि पुस्तकाची मराठी तिच्याहून निराळी. पाच-सहा वर्षांचे मूलही येथे घरातील कमावता हात होते. मुलगा गुरे राखी, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळी. सकाळी दहा ते पाच ही शाळेची वेळ त्यांच्या दिवसात कोठेच बसत नव्हती. येथे अंगणात जाऊनही भागेना, कारण मूल अंगणात नव्हतेच. ते कुरणात होते.

म्हणून शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमवून शिकवणे सुरू झाले. त्या शाळेला नाव मिळाले ‘कुरणशाळा’. दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्री वर्ग भरू लागले. धाकट्या भावंडामुळे जिला शाळेत येता येत नव्हते, त्या मुलीला भावंडासह बोलावण्यात आले आणि भावंडासाठी पाळणाघराची सोय झाली. बहीण शिके, शेजारीच भावंड पाळण्यात झोपे. मुलगी शाळेत न येण्याचे कारण उपदेशाने नाहीसे झाले नाही. ते एका पाळण्याने झाले.

यातूनच ‘विकासवाडी’ची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकींना जोडून चालवावयाच्या. तान्हे मूल पाळणाघरातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत सहज सरकावे. मध्ये कोठे परकेपणाची भिंत लागू नये, हा तिचा हेतू. पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवताच खेळ संपला आणि घोकंपट्टी सुरू झाली, असे होऊ नये, याकडेही लक्ष दिले जाई. बालवाडीतील कृती, गाणी आणि वस्तू प्राथमिक वर्गातही मुलांची सोबत करत.

मात्र हे काम चुटकीसरशी झाले नाही. आज आलेले मूल उद्या येईलच, याची खात्री नसे. भातलावणी सुरू झाली किंवा कुटुंब मजुरीसाठी बाहेरगावी गेले, की पट रिकामा होई. गावोगाव शिकवणाऱ्या हजारो बाया लागतील, हे ताराबाईंनी ओळखले होते. म्हणून मुलांना शिकवण्याइतकेच महत्त्व त्यांनी बालसेविकांच्या प्रशिक्षणाला दिले. फार शिकलेली नसली तरी मुलांची आवड असलेली, वस्तीची भाषा जाणणारी स्त्री उत्तम शिक्षिका होऊ शकते, यावर त्यांचा विश्वास होता.

६. लेखन, सन्मान आणि अखेर

प्रत्यक्ष कामाबरोबर ताराबाईंनी विपुल लेखन केले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही त्यांची पुस्तके पालकांना मुलाच्या बाजूने विचार करावयास लावतात. त्यांनी मुलांसाठीही लिहिले. भारत सरकारने १९६२ साली ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. सन्मानानंतरही त्यांचा मुक्काम आणि काम दोन्ही कोसबाडलाच राहिले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ताराबाईंचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचे काम अधिक विस्तारले. १९८२ साली अनुताई आणि रमेश पानसे यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था सुरू करून हा प्रवाह पुढे नेला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईही निवर्तल्या.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ती देशातील केवळ ३३ प्रकल्पांपुरती होती. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशभर तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण अशी अनेक कामे त्या करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच सलग टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृती यांना मुख्य स्थान दिले. विकासवाडीत हाच विचार कितीतरी आधी प्रत्यक्षात उतरला होता.

नाव देशभर पोहोचले, तरी नावामागचा विचार प्रत्येक ठिकाणी पोहोचतोच असे नाही. एखाद्या केंद्रात खाऊ मिळतो, पण गोष्ट मिळत नाही. एखाद्या शाळेत साधने असतात, पण ती कपाटात कुलूपबंद असतात. आजही एखादा शिकणारा मागे पडला, की त्याला नावे ठेवणे सोपे वाटते. तेथे ताराबाईंचे आयुष्य आठवावे. मूल आले नाही, तेव्हा त्यांनी शाळेची जागा बदलली; मुलाला वेळ नव्हता, तेव्हा शाळेची वेळ बदलली; साधने परवडली नाहीत, तेव्हा साधने बदलली. मूल शिकू शकते, हा एकच विश्वास मात्र त्यांनी कधीही बदलला नाही.

शब्दार्थ

पाडा – आदिवासींची छोटी वस्ती
रोष पत्करणे – राग ओढवून घेणे
धुरा – जबाबदारी
तप – बारा वर्षांचा काळ
कूड – काटक्या व माती यांची भिंत
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
वेठबिगारी – मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम
पट – विद्यार्थ्यांच्या नावांची नोंद

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद का सोडले?
(आ) बोर्डीचे ग्राम बालशिक्षा केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(इ) विकासवाडीत कोणत्या तीन गोष्टी एकत्र होत्या?

प्र. २. कारणे द्या.
(अ) बोर्डीतील दलित व आदिवासी वस्त्यांमधील मुले बालवाडीत येत नव्हती.
(आ) कोसबाडला पाळणाघर सुरू करावे लागले.

प्र. ३. शिंपले, बिया, पाने आणि वाळू यांपासून मूल काय काय शिकते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. तुमचे शिक्षण मध्येच थांबले असल्यास त्यामागील कारणांचा विचार करा. शाळेने कोणता बदल केला असता, तर ते सुरू राहिले असते? आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या वस्तीतील अंगणवाडीला परवानगी घेऊन भेट द्या. तेथे मुलांकडून करून घेतल्या जाणाऱ्या कृतींची यादी करा. परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंपासून एक नवे साधन तयार करून तेथील मुलांना भेट द्या.